घडीव पेन आणि बाजारी गाभा: हस्तनिर्मित रोलरबॉल पेनांच्या रिफिलचा प्रश्न, एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील नांदगाव हे गाव लहान असले तरी वाहतुकीच्या दृष्टीने मोक्याचे आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि देवगडहून फोंडाघाटामार्गे निपाणीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि 'नांदगाव रोड' हे स्थानक या गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. देवगडचा हापूस घाटावर चढतो तो याच तिठ्यावरून, आणि घाटावरचा माल खाली उतरतो तोही याच वाटेने. म्हणजे येथे वस्तू पोहोचत नाही असे म्हणण्याची सोय नाही. तरीही काही वस्तू अशा आहेत की ज्या रस्ता असून पोहोचत नाहीत, कारण त्यांना मागणी करणारा माणूस तालुक्यात एखादाच असतो. हाताने घडविलेल्या रोलरबॉल पेनात नेमकी बसणारी रिफिल ही अशीच एक वस्तू होय.

महाविद्यालयीन जगाला या प्रश्नाची ओळख एका परिचित प्रसंगातून होते. सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला शाल, श्रीफळ आणि सोबत एक देखणे पेन दिले जाते. अलीकडे हे पेन पुष्कळदा शिसवी, सागवानी किंवा रंगीत एबोनाइटचे, कातावर घडविलेले असते. पहिले काही महिने ते खिशात मिरवते. मग रिफिल संपते. तशी दुसरी रिफिल गावात मिळत नाही, तालुक्याला मिळत नाही, आणि पेन मखमली पेटीत जाऊन कपाटात विसावते. पेनाचे लाकूड शंभर वर्षे टिकेल असे असते. पण त्याचे लेखन काही महिन्यांत थांबलेले असते.

ही तक्रार किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु लेखनसाधनाच्या इतिहासात 'देह कोणाचा आणि गाभा कोणाचा' हा प्रश्न सातत्याने उभा राहिलेला दिसतो. ज्या कारागिराने वस्तू घडविली त्याच्या हातात तिचे आयुष्य राहते की दूरच्या कारखान्याच्या हातात जाते, याचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे आहे. प्रस्तुत लेखात बोरूपासून रोलरबॉलपर्यंतच्या प्रवासात या उत्तरात कसकसा बदल होत गेला याचा मागोवा घेतला असून, त्यासाठी कोकणातील, विशेषतः सावंतवाडीच्या कातारकामाचा संदर्भ विचारात घेतला आहे.

बोरू आणि टाक

मराठी मुलखातील लेखनव्यवहार शतकानुशतके बोरूवर चालला. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल आजही पुण्याच्या पुरालेखागारात पाहावयास मिळतात. त्यांतील अक्षरांचा काळेपणा टिकून आहे याचे श्रेय काजळी आणि डिंक यांपासून केलेल्या शाईला जितके, तितकेच त्या शाईला मानवणाऱ्या बोरूलाही आहे. बोरू म्हणजे पोकळ गवताची कांडी. तिचे टोक चाकूने तिरपे छाटावयाचे, मध्ये चीर द्यावयाची, आणि झिजले की पुन्हा छाटावयाचे. बोरूला सुटा भाग नाही. तो जसजसा वापरला जातो तसतसा आखूड होतो आणि शेवटी बोटांत धरता येईनासा झाला की टाकून द्यावा लागतो. मात्र त्या शेवटापर्यंत त्याची दुरुस्ती लिहिणाऱ्याच्याच हातात असते. कारकुनाला दुकानावर अवलंबून राहावे लागत नव्हते. त्याला चाकूला धार असली म्हणजे पुरे होते. मोडी लेखनात हात शक्य तितका न उचलता ओळ पुढे नेण्याची जी रीत होती, तिच्यासाठी आपल्या हाताला जुळेल असे टोक आपणच छाटून घेणे हे कौशल्याचे अंग मानले जाई.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे शहर पोलादी निबांचे जागतिक केंद्र बनले. तेथून लाखोंच्या संख्येने निघालेली निब वसाहतींतील कचेऱ्यांत आणि शाळांत पोहोचली. मराठीने तिला 'टाक' या नावात सामावून घेतले. टाक म्हणजे लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला खोचलेली निब. येथे इतिहासात प्रथमच लेखणीचे दोन तुकडे झाले: दांडी गावच्या सुतारानेही करावी अशी साधी, आणि निब मात्र समुद्रापलीकडची. दुरुस्तीची जागा खरेदीने घेतली. तथापि या व्यवस्थेत एक उदारपणा होता, तो नजरेआड करून चालणार नाही. टाकाच्या तोंडाशी असलेली कडी थोडीफार सैल, थोडीफार घट्ट असे. तिच्यात कोणत्याही कंपनीची बहुतेक निब बसे. माप कोणाच्या मालकीचे नव्हते. एका विशिष्ट दांडीला एकाच कारखान्याची निब लागावी अशी अडवणूक तेव्हा नव्हती.

निब किती झपाट्याने खर्ची पडे याचे एक बोलके उदाहरण भारतीय राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीचे आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती सुलेखनात उतरविली. त्या कामी ३०३ क्रमांकाच्या निबा वापरल्या गेल्या आणि त्यांची संख्या ४३२ होती, असे सांगितले जाते. एवढ्या निबा बदलूनही अक्षराचे वळण बदलले नाही. खर्ची पडणारा भाग वाटेल तेव्हा, त्याच मापाचा, मुबलक मिळत होता म्हणूनच हे शक्य झाले.

झरणी आणि स्वदेशी

वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले शाई साठविणारे पेन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भारतात रूढ झाले. मराठीने त्याला 'झरणी' असे सुंदर नाव दिले. ते नाव बोलण्यात फारसे रुळले नाही हे खरे. पण वस्तूचे मर्म त्यात अचूक आले आहे. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडी आणि वड्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. पुढे 'कॅमल' शाई आणि 'कॅम्लिन' या नावांनी तो घरोघरी पोहोचला. त्याच सुमारास, म्हणजे १९३२ मध्ये, आंध्रातील राजमहेंद्री येथे कोसुरी वेंकट रत्नम यांनी एबोनाइटची पेने हाताने घडविण्यास प्रारंभ केला. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना पाठविलेल्या पत्रात हे पेन परदेशी पेनांना चांगला पर्याय असल्याचा अभिप्राय दिला होता.

हे पत्र वर्ध्याहून गेले ही गोष्ट योगायोगाची नाही. १९३४ च्या अखेरीस वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती, आणि हातकागद, देशी शाई व बोरू यांचा पुरस्कार हा त्या विचारसरणीचा भाग होता. गांधीजींच्या दृष्टीने बोरू श्रेष्ठ होता, कारण तो खेड्यात पूर्णपणे तयार होत असे. झरणी ही त्यामानाने तडजोड होती. ही तडजोड किती खोल जावी, याचे मोजमाप निबेत होते. त्या काळात भारतात घडविल्या जाणाऱ्या बहुतेक झरण्यांना निब परदेशातूनच आणावी लागे. देह स्वदेशी आणि जीभ परदेशी, अशी ती स्थिती होती. स्वदेशीच्या इतिहासात सूत आणि कापड यांची चर्चा विपुल झाली आहे. लेखणीच्या जिभेची मात्र तितकीशी झालेली नाही.

कोकणात हा विचार कोरडा राहिला नाही. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रमाची स्थापना केली. नांदगावपासून हे स्थळ फार दूर नाही. गावाच्या गरजा गावातल्या हातांनी भागवाव्यात या आग्रहाची कसोटी तेथे अत्यंत मूलभूत गोष्टींवर, सफाई आणि खत यांसारख्या कामांवर लागली. लेखणी हा त्या कामाचा विषय नव्हता. परंतु एखादी वस्तू गावात 'तयार होते' असे केव्हा म्हणावे, हा जो प्रश्न त्या परंपरेने विचारावयास शिकविले, तो येथे जसाच्या तसा लागू पडतो.

भारतीय हस्तनिर्मित झरणीने या प्रश्नाला आपल्यापुरते एक अर्धे उत्तर शोधले होते. या पेनांत शाई ड्रॉपरने थेट दांड्याच्या पोकळीत भरली जाई. नळी नाही, रबरी पिशवी नाही, कार्ट्रिज नाही. पोकळी लांब असो वा आखूड, शाई तिचा आकार घेते. द्रवाला माप लागत नाही. कातणाऱ्याने पोकळी एक सूत जास्त खोल केली तर बिघडत काही नाही, उलट चार ओळी अधिक लिहून होतात. निब वाकली तर मुंबईच्या फोर्टातील पदपथांवर किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत ती सरळ करून देणारे कारागीर असत. रोलरबॉलच्या रिफिलने जी अडचण निर्माण केली तिचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर ड्रॉपरच्या पेनाची ही मोकळीक आधी लक्षात घेतली पाहिजे.

गोळीचे युग

हंगेरियन पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये गोळीच्या पेनाचे पेटंट घेतले. १९४५ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कमध्ये मिल्टन रेनॉल्ड्स यांचे बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीस आले. १९५० मध्ये फ्रान्समध्ये बिकने ते स्वस्त केले आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या पार्कर कंपनीने 'जॉटर' हे रिफिल बदलता येणारे पेन बाजारात आणले. भारतातील शाळांत मात्र बॉलपेनला दीर्घकाळ मज्जाव होता. 'अक्षर बिघडते' हे त्याचे कारण शिक्षक देत. ही तक्रार निव्वळ जुनाटपणाची म्हणता येणार नाही, कारण घट्ट तेलकट शाई कागदावर उतरविण्यासाठी बॉलपेन दाबून धरावे लागते आणि बोरूने घडविलेले वळण त्या दाबाखाली मोडते. पुढे पांढऱ्या दांड्याचे, निळ्या टोपणाचे रेनॉल्ड्स ०४५ आले आणि हा वाद बाजारानेच संपविला. 'झरणी' घडविणाऱ्या मराठीने 'रिफिल'साठी प्रतिशब्द शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. शब्दाला स्त्रीलिंग तेवढे बहाल केले.

रोलरबॉल हे या दोहोंमधील अपत्य होय. त्यात टोकाला गोळी असते ती बॉलपेनसारखी, आणि शाई असते ती झरणीसारखी पाण्यात विरघळलेली, पातळ. १९६० च्या दशकात जपानमध्ये या प्रकाराचा उदय झाला; जेल शाई तेथेच १९८० च्या दशकात आली. पातळ शाईमुळे हाताला दाब द्यावा लागत नाही, अक्षर झरणीच्या जवळ जाते. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. शाई लवकर संपते, आणि टोपण उघडे राहिले तर टोक वाळते. भारतात पार्करची पेने १९९६ पासून लक्झर कंपनीमार्फत परवान्याने येऊ लागली तेव्हा भेटवस्तू म्हणून रोलरबॉल मध्यमवर्गीय घरांत शिरले. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि त्यानंतर पेनाचे सुटे भाग, नळ्या, फिरकीच्या कळा व रिफिली बाहेरून आणणे लहान कारागिरालाही शक्य झाले. हस्तनिर्मित रोलरबॉलचा भारतातील विस्तार हा या मोकळ्या आयातीच्या काळातील आहे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रिफिलचा खरा कस तिच्या टोकात असतो. अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाची टंगस्टन कार्बाइडची गोळी आणि ती जिच्यात फिरते ती पोलादी खोबण, यांत केसाच्या जाडीच्या अंशाइतकाही फरक चालत नाही. वर्षाला सुमारे ३८ अब्ज पेने तयार करणाऱ्या चीनलाही या खोबणीसाठी लागणारे पोलाद दीर्घकाळ आयात करावे लागत होते. चीनच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती आणि जानेवारी २०१७ मध्ये तैयुआन येथील पोलाद कारखान्याने ते स्वतः तयार केल्याचे जाहीर झाले तेव्हा ती राष्ट्रीय बातमी ठरली. जिथे एवढ्या मोठ्या औद्योगिक राष्ट्राची ही कथा, तिथे कातावर बसलेल्या एकट्या कारागिराने रिफिल स्वतः करावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. बोरूचे टोक त्याला छाटता येत होते. निब त्याला सरळ करता येत होती. गोळीपुढे मात्र त्याचा हात थांबतो.

मापांचा प्रश्न

रिफिल बाहेरूनच घ्यावयाची हे मान्य केले तर पुढचा प्रश्न मापाचा. बॉलपेनच्या रिफिलींची मापे आंतरराष्ट्रीय मानकात १९९८ मध्ये नोंदली गेली. त्यांतील 'जी-२' हे माप म्हणजे मुळात पार्करच्या जॉटरची रिफिल होय: लांबी सुमारे ९८ मिलिमीटर, जाडी सहाच्या आसपास. एका कंपनीचे खाजगी माप इतरांनी उचलले आणि त्याचे सार्वजनिक माप झाले. 'डी-१' ही त्याहून छोटी, ६७ मिलिमीटर लांबीची बारीक धातूची रिफिल. क्रॉस कंपनीची लांब व सडपातळ रिफिल तिसरीच. लाकडी पेनांच्या सर्वांत स्वस्त संचात, म्हणजे सात मिलिमीटरची पितळी नळी असलेल्या संचात, हीच क्रॉस पद्धतीची रिफिल लागते.

रोलरबॉलची परिस्थिती याहून अस्ताव्यस्त आहे. रोलरबॉलसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण कारागीर व्यवहारात ज्याला 'नेहमीचे माप' म्हणतात ते बाजारात रूढ झालेले आहे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील सांक्ट गेओर्गेन या गावी १९३८ पासून चालत आलेल्या श्मिट कंपनीच्या रिफिली या मापाच्या जणू प्रमाण ठरल्या आहेत: लांबी सुमारे ११० मिलिमीटर, पुढे अरुंद टोक, आणि दोहोंच्या मध्ये एक पायरी. ही पायरी पेनाच्या तोंडातल्या कड्यावर टेकते आणि मागून स्प्रिंग रिफिलला पुढे रेटते. पार्करची रोलरबॉल रिफिल याहून काही मिलिमीटर लांब असते. ती घातली तर मागचा भाग आवळला जात नाही. जी-२ घातली तर ती आत बुडते आणि टोक बाहेरच येत नाही. ग्राहकाचा आणखी एक गोंधळ नावाने होतो. पायलट कंपनीच्या एका लोकप्रिय जेल पेनाचे नावच 'जी-२' आहे. त्याची रिफिल जी-२ मापाची नाही, ती रोलरबॉलच्या मापाजवळ जाणारी आहे. दुकानदाराकडे 'जी-२ द्या' म्हणून मागणी करणाऱ्याच्या हाती काय पडेल हे दैवाधीन आहे.

लांबी जुळली तरी काम भागत नाही. पायरी अर्धा मिलिमीटर मागे असली तर टोक बाहेर जास्त येते आणि टोपण लावताना आतल्या बुडाला टेकून शाई सांडते. टोकाची मान बारीक असली तर ती भोकात डुगडुगते आणि प्रत्येक अक्षरागणिक टक्‌टक् आवाज होतो. हाताने घडविलेल्या पेनाविषयीच्या बहुतेक तक्रारी या आवाजाच्या असतात. त्यांचा लाकडाशी काही संबंध नसतो.

कातारकाम आणि पोकळी

सावंतवाडीचे लाखकाम महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथील चितारी कारागिरांनी संस्थानी आश्रयाखाली गंजिफा आणि लाकडी वस्तूंची जी परंपरा जोपासली, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षीण झाली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारखाना सुरू करून तिला पुन्हा उभे केले. सावंतवाडीची लाकडी फळे, भोवरे, पाट, पाळणे यांनी कित्येक घरांतील बालपण रंगविले आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवावयाची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते. वरून झिलई द्यावयाची. हे तंत्र आणि पेन घडविण्याचे तंत्र यांत कातापुरते फारसे अंतर नाही. लाकूड फिरते, हत्यार टेकते, आकार निघतो.

अंतर आहे ते पोकळीत. लाकडी आंबा आतून भरीव असतो किंवा पोकळ असतो, त्याने आंब्याला काही फरक पडत नाही. भोवऱ्याचा तोल कारागीर डोळ्याने आणि बोटाने साधतो. या वस्तूंचे माप त्या घडविणाऱ्यापाशी सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. पेनाचे तसे नाही. पेनाचा बाहेरचा आकार कारागिराचा; आतली पोकळी मात्र जर्मनीतील किंवा जपानमधील एका तक्त्याने आधीच ठरवून दिलेली असते. लाखकाम करणाऱ्याने मान खाली घालून पिढ्यान्‌पिढ्या जे शिकले ते सर्व बाहेरच्या पृष्ठभागाचे शास्त्र आहे. पेन त्याच्याकडे आतल्या पृष्ठभागाची मागणी करते आणि तेथे त्याला डोळ्याऐवजी व्हर्नियर कॅलिपर वापरावा लागतो. परंपरागत कारागीर पेनाकडे वळताना बिचकतात ते कौशल्याच्या अभावामुळे, असे जे सर्रास मानले जाते, ते या दृष्टीने तपासून पाहिले पाहिजे. परक्या मापाची ताबेदारी कोणालाही सहजी रुचत नाही.

कोकणाच्या हवेने यात आपली भर घातली आहे. जून ते सप्टेंबर हवेतील ओलावा लाकडात शिरतो, लाकूड आडवे फुगते. मार्च-एप्रिलला ते आकसते. दाराच्या फळ्या पावसाळ्यात अडकतात हा कोकणातील प्रत्येक घराचा अनुभव आहे. जिथे दार अडकते तिथे सहा मिलिमीटरच्या पोकळीत बसविलेली रिफिल अडकली तर नवल नाही. म्हणूनच लाकडी पेनात पितळी नळी चिकटविली जाते. लाकूड हे त्या नळीवरचे केवळ आवरण उरते. बांबूच्या बाबतीत अडचण याहून मोठी. त्याची पोकळी निसर्गतःच असते, पण कोणत्याही दोन कांड्यांची ती सारखी नसते. बोरूच्या काळात हीच पोकळी सोयीची होती. प्रमाणित रिफिलच्या काळात ती दोष ठरते. कुडाळ परिसरात २००४ पासून बांबूच्या वस्तूंचे संघटित प्रयत्न सुरू आहेत आणि फर्निचरपासून बांधकामापर्यंत त्यांची मजल गेली आहे. पेनासारख्या लहान वस्तूत मात्र बांबूला पितळेचा आधार घ्यावाच लागतो.

तजवीज

मापाची ही सक्ती सामान्य माणसाने निमूटपणे कधीच मानलेली नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत शिकलेल्या माणसाला एक विद्या येते. रिफिल लांब असेल तर तिचे मागचे टोक ब्लेडने छाटावे. आखूड असेल तर दांड्याच्या बुडाशी कागदाचा बोळा कोंबावा. सैल असेल तर भोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. नकळत ही बोरूचीच परंपरा पुढे चालते: छाटणे, चाचपणे, पुन्हा छाटणे. हस्तनिर्मित रोलरबॉलचे कित्येक वापरकर्ते आजही हाच मार्ग पत्करतात. प्लॅस्टिकच्या नळीची, मागे रिकामी जागा असलेली जेल रिफिल तीन-चार मिलिमीटर छाटून चालते. धातूच्या नळीची रिफिल छाटण्याचा प्रयत्न मात्र करू नये. शाई हातावर आणि शर्टावर येते.

परंतु वापरणाऱ्याची तजवीज आणि घडविणाऱ्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन विकताना त्याच्यासोबत रिफिलचे नाव व लांबी यांची चिठ्ठी देण्याचा प्रघात फार थोड्या ठिकाणी दिसतो. पेटीत लाकडाची जात लिहिलेली असते, झिलईचा प्रकार लिहिलेला असतो, क्वचित कारागिराची सहीही असते. जी गोष्ट सहा महिन्यांनी हमखास लागणार तिचाच उल्लेख नसतो. हा दोष कारागिरीचा म्हणता येणार नाही, तो दृष्टीचा आहे. पेनाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले की रिफिल गौण ठरते. लेखनाचे साधन म्हणून पाहिले तर ती प्रथम विचारात घ्यावी लागते. काही पेनकार आता पोकळी मुद्दाम थोडी खोल ठेवतात आणि मागे पेचाने पुढेमागे सरकणारी एक लहान डबी बसवितात, जेणेकरून दोन-तीन मापांच्या रिफिली त्यात चालाव्यात. हा उपाय साधा असून तो अधिक प्रमाणात स्वीकारला जावयास हवा. भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या पेनात तर रोलरबॉलचा हट्ट सोडून जी-२ मापाची रिफिल वापरणे अधिक शहाणपणाचे. ते माप अनेक उत्पादक करतात, आणि श्मिटसारख्या कंपनीने त्याच मापात रोलरबॉलची पातळ शाईही आणली आहे.

दुसरा एक मार्ग इतिहासाकडे वळून पाहणारा आहे. काही रोलरबॉल पेनांच्या तोंडाशी गोळीचे टोक कायमचे बसविलेले असते आणि मागे रिफिलऐवजी झरणीचे कार्ट्रिज लागते. हे ३८ मिलिमीटरचे आखूड कार्ट्रिज अनेक देशांतील अनेक उत्पादक एकाच मापात करतात. ते रिकामे झाल्यावर फेकून देण्याचे कारण नाही. धुऊन, वाळवून पुन्हा भरता येते. गोळी अर्थात कधीतरी झिजते, आणि त्या दिवशी तोंडाचा भाग नवा घ्यावा लागतो. परंतु मधल्या काळात पेन कोणत्याही विशिष्ट रिफिलचे मिंधे राहत नाही. अशा पेनाला नांदगावच्या तिठ्यावर मिळेल ती शाईची साधी बाटली चालते. इंजेक्शनची सुई तेवढी औषधाच्या दुकानातून आणावी लागते.